जुन्या सायकलची फ्रेम कुठल्या नळीची?

जुनी विलायती सायकल हाती लागली की लोक आधी स्टिकर बघतात. त्यावर जाऊ नका. रंग नवा मारताना कुणीही काहीही चिकटवतो. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, साध्या पोलादाला आणि 'रेनॉल्ड्स ५३१' या इंग्लंडच्या उंची पोलादी नळीला तो सारखाच चिकटतो.

सीटचा दांडा बाहेर काढा आणि त्याचा व्यास मोजा. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) असतो, दोन मिनिटांचं काम. दांडा गंजून बसला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा, हातोडा नको. सीटखालच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुतेक २८.६ मिमी भरतो (रंगाचा थर धरून किंचित जास्त). दांडा २७.२चा असेल तर नळीची भिंत वर जेमतेम ०.६ मिमी, म्हणजे माल उंची. २६.२च्या आसपास असेल तर भिंत जाड, साधी नळी. मात्र दांड्याला पत्रा गुंडाळून बसवलाय का ते बघा आणि नळीचा आतला व्यासही मोजा. फ्रेंच फ्रेमची नळी मुळात २८चीच, तिथं हा हिशेब चालत नाही.

पुढचं चाक धरणारा चिमटा उतरवलाच तर त्याच्या वरच्या, हँडलकडे जाणाऱ्या नळीत खालून बोट घाला. आत पिळाच्या उभट रेघा लागल्या तर ती इटलीच्या 'कोलंबस' कंपनीची नळी असण्याची दाट शक्यता. रेघा नाहीत म्हणून कोलंबस नाहीच, असं मात्र नव्हे.

डबलसीट, दूध वाहायच्या दणकट सायकलींवर हा खटाटोप करू नका. त्या साध्या नळीच्याच.