उड्डाणाआधी बिघाड सापडला? या चुका टाळा

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि आमच्या उलव्यात लाईन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधे विमान तपासून दुरुस्त करायच्या कामाला लागलेली पोरं दिसायला लागली. हुशार आहेत, मॅन्युअल तोंडपाठ. पण प्रवासी आत बसलेत, दार लागायच्या बेतात आहे आणि कॉकपिटमधून स्नॅग, म्हणजे बिघाडाचा निरोप आला, की सगळ्यांचा हात एकाच गोष्टीकडे जातो. रिसेट!

रिसेट म्हणजे यंत्रणेचा ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढून ती बंद करायची आणि पुन्हा चालू करायची. त्याच्याशी माझं वैर नाही. कुठल्या यंत्रणेचा ब्रेकर जमिनीवर ओढायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे विमान बनवणाऱ्याने लिहून दिलेलंच असतं. माझं भांडण आहे न लिहिता मारलेल्या रिसेटशी. मेसेज गेला, टेक लॉग (विमानाच्या बिघाडांची नोंदवही) कोरा, सगळे खूश.

एका पहाटे ए-320 वर एव्हिऑनिक्स व्हेंटिलेशनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणं थंड ठेवणाऱ्या हवेच्या यंत्रणेचा फॉल्ट आला. आमच्या पोराने रिसेट मारला, मेसेज गेला, विमान मागे ढकलून बाहेर काढलं (पुशबॅक). टॅक्सीवेवर तोच मेसेज पुन्हा, आणि विमान परत बेवर, उभं राहायच्या जागी. मी वर चढलो तर कमांडर मॅडमचा पहिलाच प्रश्न, "सर, हे काल पण आलं होतं का?" टेक लॉगमध्ये अवाक्षर नाही. आदल्या संध्याकाळच्या स्टेशनला फोन लावला, तर तिकडचा हळूच म्हणाला, "आलं होतं. रिसेटने गेलं, म्हणून नाही लिहिलं." हवा बाहेर टाकणारी झडप अडकत होती. विमान रात्रभर आमच्याच बेवर उभं होतं, एक ओळ लिहिलेली असती तर निवांत बघून झालं असतं. आता इकडे पायलटांची ड्यूटीची वेळ संपत आलेली, दुसरा क्रू बोलवावा लागला. पोराला मी ओरडलो नाही. फक्त पुढच्या शिडीने न उतरता, प्रवाशांच्या मधल्या वाटेने चालत मागच्या दाराने उतर म्हटलं. पुरलं तेवढं.

माझी सवय साधी आहे. आधी नोंद, मग ब्रेकर. आणि त्याच्याही आधी टेक लॉगची मागची पानं चाळायची.

ती पानं नुसती भरलेली असूनही भागत नाही, ती कोणीतरी सलग वाचावी लागतात. 28 डिसेंबर 2014 ला सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं ए-320 समुद्रात कोसळलं, 162 जण गेले. रडरची (शेपटीवरच्या सुकाणूची) हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर सोल्डरला तडा होता. त्याआधीच्या 12 महिन्यांत तोच बिघाड 23 वेळा नोंदला गेला होता, आणि प्रत्येक वेळी तेवढ्यापुरता निस्तरला गेला. जमिनीवर इंजिनिअर ब्रेकर ओढून फॉल्ट घालवतो हे त्या कमांडरने पाहिलं होतं. शेवटच्या उड्डाणात हवेत असताना तसाच ब्रेकर ओढल्याच्या खुणा रेकॉर्डरमध्ये मिळाल्या. तुम्ही कॉकपिटमध्ये काय करता ते मागे बसलेला माणूस बघत असतो, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटते. एमईएल (काय बंद असताना उडता येतं त्याची यादी) उघडायचं, आयटम शोधायचा, "जाऊ देतंय ना? मग डिफर करा", म्हणजे दुरुस्ती पुढे ढकला. एमईएल फक्त एवढंच सांगतं, की अमुक वस्तू बंद असताना अमुक अटींवर उडता येईल. ती बंद का पडली, हे त्यात नसतं.

20 ऑगस्ट 2008, माद्रिद. स्पॅनएअरचं एमडी-82 उड्डाणाआधी स्टँडवर परतलं, कारण बाहेरचं तापमान मोजणारा प्रोब (सेन्सर) त्याच्या हीटरमुळे जमिनीवरच तापत होता. एमईएल हीटर बंद ठेवून जाऊ देत होतं, म्हणून ब्रेकर ओढला आणि विमान सोडलं. पण तो हीटर हवेत चालतो, जमिनीवर बंद असायला हवा. म्हणजे हीटर बिघडलेला नव्हताच. विमान जमिनीवर आहे की हवेत हे यंत्रणांना कळवणारा एक रिले (विजेचा स्विच) असतो, आणि विमानाच्या एका भागाला आपण हवेत आहोत असं वाटत होतं. फ्लॅप (उचल वाढवणाऱ्या पंखांच्या मागच्या झडपा) न लावता टेकऑफ सुरू केला, तर जमिनीवर जो इशारा वाजायला हवा, तोही त्याच रिलेवर अवलंबून होता. त्या दिवशी घाईत क्रूकडून फ्लॅप राहिले आणि इशारा वाजलाच नाही. 172 पैकी 154 जण गेले. रिलेमध्येच दोष होता हे तपासात ठामपणे सिद्ध झालं नाही. तरी "हा जमिनीवर का तापतोय?" हा प्रश्न विचारायला कुठलाही अहवाल लागत नव्हता. मी डिफर करण्याआधी शेजारच्या माणसाला बिघाड तोंडी समजावून सांगतो. सांगताना अडखळलो तर सही करत नाही.

बाकीचं थोडक्यात. डिफर केलेला बिघाड दुरुस्त करायला एमईएलमधल्या बी कॅटेगरीला 3 दिवस, सीला 10, डीला 120, आणि बिघाड सापडला तो दिवस यात धरत नाहीत. तरी दर महिन्याला कोणीतरी चुकीचं मोजतंच. डिफर केलं पण स्विचजवळ प्लॅकार्ड (बंद असल्याची चिठ्ठी) लावलं नाही, तर पुढचा क्रू तोच स्विच दाबणार. एमईएलमध्ये आयटमसमोर एम असेल तर ते काम इंजिनिअरचं, ओ असेल तर पायलटचं. "त्यांनी केलं असेल" असं धरून चालू नका.

आणि कृपा करून विमान कधी सुटेल याची वेळ सांगू नका. स्पेअर मुंबईच्या जुन्या विमानतळावरून निघाला म्हटलं की पोरं लगेच गेटवर "तासाभरात" सांगून मोकळी होतात. सकाळच्या गर्दीत मानखुर्द ते वाशी खाडीपूल ज्याने केलाय तो असं बोलणार नाही. आधी पार्ट नंबर आणि सोबतच्या सर्टिफिकेटचा फोटो मागवा, मगच गाडी सोडायला सांगा. चुकीचा डबा घेऊन आलेली गाडी त्याच पुलावरून परत पाठवावी लागते.