वीज गेली तरी पत्ता तोच
रत्नागिरीत पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, म्हणून आमच्या आंबा कॅनिंगचं बिलिंग मी दोन सर्व्हरवर ठेवतो. यूपीएस वेगळे, नेटवर्क एकच.

दोन्हींवर कीपअलाइव्ह-डी टाका. एक सर्व्हर बंद पडला की दोघांचा सामायिक पत्ता, म्हणजे व्हर्च्युअल आयपी, दुसऱ्याकडे नेणारं हे सॉफ्टवेअर. व्हर्च्युअल राउटर आयडी (या जोडीचा ओळख क्रमांक) सारखाच, प्रायॉरिटी एकीकडे १५०, दुसरीकडे १००; मोठ्या आकड्याला पसंती. व्हर्च्युअल आयपी डीएचसीपी (नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणारी सेवा) रेंजबाहेरचाच घ्या, नाहीतर तोच पत्ता उद्या कुणाच्या मोबाइलला मिळेल. मास्टर, म्हणजे पत्ता धरून असलेला सर्व्हर, 'मी चालू आहे' हे दुसऱ्याला व्हीआरआरपीने, म्हणजे प्रोटोकॉल ११२ ने, कळवतो; फायरवॉलमध्ये तो मोकळा हवाच. तो अडला तर दोन्ही सर्व्हर मास्टर होऊन बसतात.

सुरुवातीची स्थिती दोन्हीकडे बॅकअप ठेवा आणि नोप्रीएम्प्ट लावा, म्हणजे परत चालू झालेला सर्व्हर पत्ता हिसकावून घेत नाही. वीज सारखी ये-जा करते तेव्हा पत्ता इकडून तिकडे उड्या मारत नाही. आमच्याकडे हे हवंच.

मग व्हर्च्युअल आयपीला पिंग (पत्ता उत्तर देतो का ते पाहणारी कमांड) चालू ठेवून मास्टरची केबल काढा. व्हीआरआरपी संदेशांमध्ये एक सेकंदाचा इंटरव्हल असेल, तर तीन-चार सेकंदांत उत्तर परत येतं. डेटा मात्र आपोआप हलत नाही. डेटाबेसचं रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत ठेवणं, वेगळं लावा.