कुरकुरणारा लाकडी पलंग घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

पलंग कुरकुरायला लागला की घरातलं कुणीतरी खोबरेल तेलाची बाटली घेऊन येतं. ती आधी जागेवर ठेवा. तेल लाकडात मुरतं, वर धूळ चिकटते, मुंग्या येतात, आणि पुढे त्याच सांध्याला फेव्हिकॉल लावायची वेळ आली तर तो धरत नाही. दाराच्या बिजागरीला तेल ठीक आहे, लाकडाच्या जोडाला नाही.

कुरकुर म्हणजे दोन भाग एकमेकांवर घासल्याचा आवाज. त्यावर उपाय दोनच. जिथे हालचाल व्हायलाच नको, म्हणजे पाय आणि बाजूची पाटी यांच्या जोडात, तिथे ती थांबवायची. जिथे एक भाग दुसऱ्यावर नुसता टेकलेला असतो, उदाहरणार्थ प्लायचा पाट किंवा आडव्या पट्ट्या, तिथे मध्ये काहीतरी मऊ किंवा गुळगुळीत घालायचं. यातलं काय करायचं हे जागा कळल्यावरच ठरतं, आणि खरा वेळ ती जागा शोधण्यातच जातो.

काल-परवापर्यंत गप्प असलेला पलंग एकदम का बोलायला लागतो? पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, रुंदीत आणि जाडीत असतो. घट्ट आवळलेल्या बोल्टखालचं लाकूड पावसात फुगतं तेव्हा दाबलं जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये सुकलं की बोल्ट सैल पडतो. मुंबईहून बदली होऊन नागपूरला गेलेल्यांचे पलंग तिथल्या उन्हाळ्यात कुरकुरतात ते यामुळेच. सागवान या बाबतीत बरंच शांत लाकूड, स्वस्तातली लाकडं जास्त त्रास देतात.

आवाजाची जागा शोधा

आधी गादी उतरवून जमिनीवर टाका आणि तिच्यावर लोळून बघा. स्प्रिंगची गादी असेल तर पलंग निर्दोष निघण्याची शक्यता बरीच असते. पलंगाच्या पोटात सामान असेल तर तेही काढा. गोधड्या, जुनी पातळं, लग्नात मिळालेली आणि अजून न उघडलेली भांडी, सगळं. बॅगेचं हँडल पाटाला घासत असेल तर पाने-पेचकस काढायची गरजच नाही.

हायड्रॉलिक पलंग असेल तर एक सावधगिरी. त्याचे गॅसचे पिस्टन गादीचं वजन धरून बसवलेले असतात. गादी नसताना खिटी काढली की पाट जोरात वर येतो. पाटावर वाकून उभे राहू नका, मुलांना खोलीबाहेर ठेवा आणि पिस्टन स्वतः खोलू नका.

आता पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कधी कधी डोक्याकडची फळी भिंतीला घासत असते आणि आपण सगळे सांधे तपासत बसतो. मग प्रत्येक पायाखाली जाड कागद सरकवून बघा. एखाद्या पायाखाली तो सहज जात असेल तर पाय अधांतरी आहे. जुन्या शहाबादी फरशीवर हे हमखास होतं. तिथे रबराचा तुकडा घाला. दुमडलेला पुठ्ठा थोड्याच दिवसांत चेपतो.

यानंतर दोन माणसं लागतात. एकाने पलंगाची कड धरून तो डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवायचा, दुसऱ्याने एकेका जोडावर बोटं ठेवायची, अर्धं बोट एका लाकडावर आणि अर्धं दुसऱ्यावर. कानावर भरवसा ठेवू नका. आवाज लाकडातून पसरतो आणि पायथ्याशी झालेला डोक्याशी ऐकू येतो. बोटाला मात्र हालचाल नेमकी कळते. ज्या जोडात ती जाणवेल तिथे खडूने खूण करा. लांब ‘कर्रर’ बहुधा लाकडावर लाकूड घासल्याचा, तुटक ‘टक्’ सैल बोल्टचा.

टेकलेले भाग

सगळ्यात सोपं काम हेच. प्लायचा पाट किंवा पट्ट्या उचला, खालची कड फडक्याने पुसा आणि तिथे साधी पांढरी मेणबत्ती दाबून घासा. मेण कोरडं राहतं, लाकडात मुरून ओघळत नाही. जास्त टिकाऊ हवं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून कडेवर चिकटवा, किंवा हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायांना लावायचं फेल्ट मिळतं ते लावा. दोन पाट एकमेकांना घासत असतील तर मधली कड पॉलिश पेपरने जराशी उतरवा. नाण्याच्या जाडीएवढी फट पुरते.

नट-बोल्टचे जोड

6 एमएमच्या बोल्टला सहसा 10 नंबरचा पाना लागतो, 8 एमएमला 13 नंबरचा. षटकोनी खाचेचे बोल्ट असतील तर अ‍ॅलन कीचा छोटा संच घ्या. एकच बोल्ट पूर्ण आवळून पुढच्याकडे जाऊ नका. सगळे थोडे सैल करा, पलंग सपाट जागी चारही पायांवर नीट बसू द्या, मग कोपऱ्या-कोपऱ्याने थोडं थोडं आवळत या. मध्ये एकदा दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी झाली आहे, आणि तिरकी चौकट कितीही आवळली तरी बोलतेच. बोल्टचं डोकं लाकडात रुतलं असेल तर खाली मोठा वॉशर घाला. सगळी ताकद लावून पाना पिळू नका. उन्हाळ्यात तसं केलंत तर पावसात लाकूड चेपेल आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच काम निघेल.

स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालंय. आगपेटीच्या दोन-तीन काड्यांची गुलं काढून त्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा, भोकात ठोकून बसवा, एक दिवस सुकू द्या, वर आलेलं टोक कापा आणि तोच स्क्रू पुन्हा लावा. सागवानात किंवा चांगल्या प्लायमध्ये हे वर्षानुवर्षं टिकतं. पार्टिकल बोर्डात नाही. त्याचा भुसा होत जातो, म्हणून तिथे आतल्या कोपऱ्यात लोखंडी एल-अँगल लावून नव्या जागी स्क्रू घ्यावे लागतात. शक्य असेल तिथे आरपार बोल्ट घेतलेला अधिक बरा.

खाचेत बसवलेले जुने सांधे

आजोबांच्या काळातल्या पलंगात एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून सांधा केलेला असतो. तो सैल झाला की लोक वरून खिळा ठोकतात. माझ्या मते चांगल्या पलंगाचा यापेक्षा मोठा अपमान नाही. खिळ्याभोवती लाकूड पुन्हा हलतं, वर चीर जाते, आणि नंतर सांधा उघडताही येत नाही.

सांधा पूर्ण उघडा. हातोडी थेट मारू नका, मध्ये लाकडाचा ठोकळा धरा. जुना वाळलेला डिंक पटाशीने किंवा पॉलिश पेपरने लाकूड दिसेपर्यंत खरवडा, कारण नवा फेव्हिकॉल लाकडाला धरतो, जुन्या थराला नाही. टोक खाचेत डुलत असेल तर त्याच्या गालांवर, म्हणजे खाचेच्या भिंतींना टेकणाऱ्या सपाट बाजूंवर, लाकडाचा पातळ कपटा चिकटवा आणि ते हाताने दाबून आत जाईल इतपत घासा. भुसा आणि फेव्हिकॉलचं मिश्रण भरून भागत नाही, ते भार घेत नाही. मग दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल लावा, सांधा बसवा आणि दाबात ठेवा. शिकंजा नसेल तर चौकटीभोवती सुती दोरीचे दोन वेढे घ्या, मध्ये काठी घालून पीळ द्या आणि काठी अडकवून ठेवा. दोरीखाली फडकी घाला, नाहीतर पॉलिशवर वळ उठतात. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या कापडाने लगेच पुसा. पूर्ण एक दिवस त्या पलंगावर कुणी बसायचं नाही, गादीही टाकायची नाही.

मधला आधार

सहा फूट रुंदीच्या पलंगाला मधली तुळई आणि तिच्याखाली पाय हवाच. बऱ्याचदा पाय असतो, पण फरशीला टेकलेला नसतो. पाट वाकतो, सगळे जोड ओढले जातात आणि दोष बिचाऱ्या बोल्टला मिळतो. पायाखाली प्लायचा तुकडा सारा. तो नेमका बसायला हवा, जास्त जाड झाला तर चौकट मधून उचलली जाते.

मिस्त्री कधी बोलवावा

पलंगाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल किंवा लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर काम किडीचं किंवा वाळवीचं आहे, आवळाआवळी करून उपयोग नाही. बाजूच्या पाटीला उभी चीर गेली असेल तरीही मिस्त्रींना बोलवा. त्यांना खडूच्या खुणा दाखवा आणि आधीच सांगा, ‘सांधा उघडून फेव्हिकॉल लावा, खिळा नको.’ गडबडीत असलेल्या मिस्त्रीचा हात आधी खिळ्यांच्या डब्याकडे जातो.