आयबीडीचं निदान कसं करून घ्यायचं: पोटासोबत सांधे, डोळे, त्वचाही दाखवा

आतड्याला सूज येऊन ती वर्षानुवर्षं राहते, कमी-जास्त होत राहते, तो आजार आयबीडी. यात मुख्य दोन प्रकार, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. माझ्या बहिणीला कोलायटिस आहे हे कळायला दीड वर्ष गेलं, कारण गुडघा सुजला की ती हाडांच्या डॉक्टरांकडे जायची, डोळा लाल झाला की डोळ्यांच्या, आणि शौचातून रक्त पडायचं ते मूळव्याध समजून मलमावर भागवायची. तिन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना एकत्र कधी सांगितल्याच गेल्या नाहीत.

त्यामुळे पहिलं काम, वही घ्या. रोज किती वेळा जावं लागलं, रक्त किंवा आव पडली का, मुरडा येतो का, वजन किती, आणि रात्री झोपेतून उठून पळावं लागलं का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आयबीएस हा नावाने जवळचा वाटणारा पण वेगळा आजार आहे, त्यात आतड्याला सूज नसते, रक्त पडत नाही आणि सहसा झोपमोडही होत नाही. मात्र रक्त जास्त पडत असेल, ताप असेल, पोट फुगून कडक झालं असेल तर वही राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वहीचं दुसरं पान पोटाबाहेरचं. बरेच जण हे लिहीतच नाहीत, आणि खरंतर काहींना पोटाच्या तक्रारीआधीच ही लक्षणं सुरू होतात. सारखं तोंड येतं का, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते आणि हालचाल केली की मोकळी होते का, घोटा किंवा गुडघा सुजतो का. बहिणीच्या नडगीवर लालसर गाठी यायच्या, बोट लावलं तरी कळ यायची, मग मार लागल्यासारख्या काळ्यानिळ्या होऊन विरून जायच्या आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी दाखवायला काहीच नसायचं. म्हणून दिसेल तेव्हा लगेच फोटो काढा. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल तर अजिबात थांबू नका, तो युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, असू शकतो आणि नजर जाऊ शकते.

मग पोटविकारतज्ज्ञ. रक्तात हिमोग्लोबिन, सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रोटीन), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), लिव्हरच्या टेस्ट बघतात, पण सीआरपी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं समजू नका, आजार असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. शौचाच्या तपासणीत आधी इन्फेक्शन नाही ना ते बघतात, आणि कॅलप्रोटेक्टिन करतात. सूज असली की पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात, त्यांच्यातलं हे प्रोटीन. मोठ्या माणसात ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आयबीडीची शक्यता बरीच कमी, २५० च्या वर असेल तर सूज असण्याची दाट शक्यता. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरनेही हा आकडा वाढतो, त्यामुळे सांध्यांसाठी काय काय घेताय ते नक्की सांगा.

पण शिक्कामोर्तब कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघणं) आणि बायोप्सीवरच (आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासणं) होतं. आधी विचारून घ्या की लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाऊन बघणार ना, आणि चांगल्या दिसणाऱ्या जागेचेही तुकडे घेणार ना. कोलायटिस बहुतेक वेळा गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्येमध्ये चांगला भाग सोडून होतो. लहान आतड्यासाठी एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे त्या आतड्याचा एमआरआय, लागू शकते. आतड्याचा टीबी क्रोन्ससारखाच दिसतो, आणि टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो, म्हणून शंका असेल तर ते आधी तपासायला हवं.

निदान झाल्यावरही पोटाबाहेर लक्ष ठेवावंच लागतं. पोट शांत झालं की गुडघ्या-घोट्याची सूज बहुतेकदा उतरते, कंबर आणि युव्हायटिस मात्र पोट बरं असतानाही त्रास देतात. लिव्हरच्या टेस्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर पित्तनलिकांना सूज आहे का ते बघून घ्या. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर हाडांची घनता तपासा. आणि या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर ताबडतोब इमर्जन्सीत जा आणि तिथे पोहोचल्यावर आयबीडी आहे हे आधी सांगा.