खरा दा होंग पाओ कसा ओळखायचा

‘ताई, हा खरा आहे का?’ असं विचारत कुणी दा होंग पाओ या चिनी ऊलाँग (अर्धवट आंबवलेल्या) चहाच्या पाकिटाचा फोटो पाठवला की मी आधी एकच विचारते: विकणारा काय म्हणून विकतोय? ‘मूळ झाडांचा चहा’ म्हणत असेल तर पुढे तपासायची गरजच नाही. चीनच्या फूच्येन प्रांतात, वूयीच्या डोंगरातल्या एका कड्यावर ती सहा जुनी झुडपं आहेत. त्यांची शेवटची खुडणी २००५ मध्ये झाली. त्यातला २० ग्रॅम चहा २००७ मध्ये बेइजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला गेला. तो दुकानात मिळत नाही.

म्हणून बाकीचा सगळा नकली ठरत नाही. मूळ झुडपांच्या फांद्या लावून वाढवलेली झाडं आहेत, त्यांचा चहा अस्सलच. बाजारात जास्त दिसतो तो मात्र मिश्रणाचा: रोउग्वी, श्वेइश्येन अशा वूयीच्याच जातींची पानं एकत्र करून बनवलेला. मिश्रण म्हणजे भेसळ, असं कृपा करून समजू नका. रोउग्वीचा दालचिनीसारखा वास आणि श्वेइश्येनचा जाड, मऊ घोट यांचा मेळ घालायला जाणती जीभ लागते. फक्त मिश्रण आहे हे विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे.

मग गाव विचारा. चीनच्या राष्ट्रीय मानकानुसार वूयीचा खडकचहा, म्हणजे दा होंग पाओ ज्यात मोडतो तो तिथल्या खडकाळ डोंगरांतला ऊलाँग, हा वूयीशान शहराच्या हद्दीतलाच असावा लागतो. त्यातही सगळ्यात मान डोंगरातल्या अरुंद घळींना. न्यूलानखंग आणि ह्वेइयुआनखंग ही नावं वारंवार ऐकाल. तिथे कड्यांमुळे ऊन थोडाच वेळ पोचतं, खडकातून पाणी झिरपतं, आणि जमीन म्हणजे झिजलेल्या दगडाची भुसभुशीत माती. जागा एवढीशी, त्यामुळे चहाही थोडा. न्यूलानखंगचं नाव लावून स्वस्तात विकत असेल तर घेऊ नका.

खुडणी वसंतात, साधारण एप्रिलअखेर ते मे. पानं सुकवून पुन्हा पुन्हा हलवतात, त्याने कडा खरचटून लालसर होतात. मग तापवून, वळून शेवटी कोळशाच्या मंद आचेवर भाजतात, आणि हे भाजणं टप्प्याटप्प्याने महिनोन् महिने चालतं. त्यामुळे ‘या मेमधला ताजा माल’ जूनमध्येच कुणी देत असेल तर मी थांबते.

आता कपातली परीक्षा. कोरडं पान लांबट, पिळदार, काळपट तपकिरी हवं. गोळ्या असतील तर तो दुसरा कुठला तरी ऊलाँग. झाकणाच्या शंभरेक मिलिलिटरच्या वाटीत, म्हणजे गाइवानमध्ये, आठ ग्रॅम पानं घ्या. पाणी अगदी उकळतं हवं, कोमट पाण्यात दोष लपतात. पहिल्या काही वेळा चहा दहा सेकंदांत कपात ओता, मग त्याच पानांवर पुन्हा पाणी घालताना थोडा थोडा वेळ वाढवा. दूध-साखर अजिबात नको.

चांगल्या चहाचा वास झाकणाला चिकटतो, आणि घोट गिळल्यावर घशात गोडवा परत येतो. तिथले लोक ज्याला ‘यान युन’ म्हणतात ती खडकाची खनिज चव मला जिभेपेक्षा घशातच जास्त जाणवते. वरून लावलेला सुगंध पहिल्या कपात दरवळतो आणि तिसऱ्यापर्यंत मावळतो. खरा चहा सहा-सात वेळा आरामात उतरतो.

संशय राहिलाच तर नवीन पाच ग्रॅम पानं घेऊन पाच मिनिटं भिजत ठेवा. कडक होईल, पण कडू झाल्यावरही मागून गोडी यायला हवी. नुसता कडवटपणा आणि जळका वास उरला तर भाजणीखाली हलका माल दडवलाय. शेवटी चोथा बशीत पसरा. पानं मऊ उलगडली पाहिजेत, आणि भाजणी फार गडद नसेल तर लालसर कडाही दिसतील. कोळशासारखी कडक, न उलगडणारी पानं दिसली तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, त्या दुकानातून पुन्हा घेऊ नका.