आयर्विनखालचं पाणी आणि माझं पहिलं ॲनिमेशन

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. वेब पानं हलती करणारी जावास्क्रिप्ट ही भाषा शिकताना सरावाला काहीतरी हवं होतं, तर मी तेच घेतलं. पानावर एक उभी पट्टी, शेजारी फुटांच्या खुणा, ४५ वर लाल रेघ. पान उघडलं की पाणी खालून चढत जाणार आणि दिलेल्या आकड्याला थांबणार.

त्यासाठी ॲनिमे-जेएस ही ॲनिमेशनची छोटी, मोफत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेतली. ज्युलियन गार्निए यांनी लिहिलेली. काम चार गोष्टींत आटोपतं: कुठला घटक हलवायचा, त्याचं काय बदलायचं, किती वेळात, आणि कुठल्या चालीनं. या चालीला ईझिंग म्हणतात. ते मी लिहिलंच नाही. न लिहिताही चालतंय म्हटल्यावर कशाला लिहा!

४३ आकडा टाकला आणि कौतुकानं लिंक सांगलीवाडीच्या मावशीला पाठवली. पाच मिनिटांत फोन. "अरे, हे पन्नासच्या वर गेलं की! सामान माळ्यावर टाकायला घेऊ का?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा तिचं अख्खं स्वयंपाकघर बुडालेलं. "मावशी, सरावाचा आकडा आहे तो, खरा नाही," असं सांगितल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

पण तिनं पाहिलं ते बरोबर होतं. मी वापरत होतो त्या तिसऱ्या आवृत्तीत ईझिंग दिलं नाही तर 'इलॅस्टिक' आपोआप लागतं. ताणून सोडलेल्या रबरासारखी ही चाल: मुक्कामाच्या पुढं जाते, मागं येते, थोडी हेलकावते आणि मग स्थिरावते. पहिल्या उसळीत ती जवळपास वीस टक्के पुढं जाते. म्हणजे माझं ४३ फुटांचं पाणी क्षणभर ५१ च्याही वर जाऊन, लाल रेघ ओलांडून परत येत होतं. लायब्ररीचं काही चुकलं नव्हतं. एखादं बटण असं उसळलं तर गंमत वाटते, मोजमाप उसळलं की ते खोटं बोलतं. तेव्हापासून ईझिंग मी प्रत्येक ठिकाणी हातानं लिहितो. आकडे, आलेख, पट्ट्या यांना शेवटी हळू होत थांबणारी साधी 'ईझ-आउट' चाल पुरते.

दुसरा धडा मावशीच्याच जुन्या फोननं दिला. माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चढणारं पाणी तिथं धक्के खात चढायचं. मी पट्टीची उंची, म्हणजे हाइट, बदलत होतो. उंची बदलली की ब्राउझर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे हलत्या चित्रातल्या प्रत्येक स्थिर चित्राला, पानाची मांडणी पुन्हा मोजतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात हे मावत नाही. ट्रान्सफॉर्म (सरकवणं, ताणणं, फिरवणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) बदलताना ही मांडणी मोजावी लागत नाही. म्हणून उंची काढून स्केल-वाय, म्हणजे उभं ताणणारं ट्रान्सफॉर्म, लावलं, ताणाचा उगम तळाशी ठेवला, आणि धक्के गेले. पण पट्टीच्या आत लिहिलेला '४३ फूट' हा मजकूरही पोळीसारखा चपटा होऊन ताणला जायला लागला! तो उचलून पट्टीच्या बाहेर ठेवला. हाताशी जुना फोन नसला तरी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये प्रोसेसर मुद्दाम मंद करून हे तपासता येतं.

नवीन मुलं हमखास अडकतात ते आवृत्तीत. २०२५ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि लिहिण्याची पद्धतच बदलली. आधी सगळं 'ॲनिमे' या एकाच फंक्शनला द्यायचं, आता 'ॲनिमेट' आयात करावं लागतं, आणि 'ईझिंग' चं नुसतं 'ईझ' झालंय. जुन्या व्हिडिओतला कोड नव्या आवृत्तीवर चिकटवला की पान ढिम्म हलत नाही. आधी कन्सोल (ब्राउझरमधली चुका दाखवणारी खिडकी) उघडून एरर वाचा, मग रडा.

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "लायब्ररी नसेल तर?" मी रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम, म्हणजे दर फ्रेमआधी आपला कोड चालवणारी ब्राउझरची सोय, वापरून दर फ्रेमला एक पिक्सेल वाढवून दाखवला. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "१२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर काय होईल?" दुप्पट वेगानं पळेल, हे तिथंच उमगलं. फ्रेम मोजायच्या नसतात, गेलेला वेळ मोजायचा: गेलेला वेळ भागिले एकूण वेळ, त्याला ईझिंग लावायचं. लायब्ररी पोटात हेच करते. हे एकदा हातानं लिहून बघा, वीस ओळीही लागत नाहीत. नुसत्या होव्हरला, म्हणजे माउस वर आल्यावर, रंग बदलायचा असेल तर लायब्ररी आणूच नका, सीएसएसचं (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं) ट्रान्झिशन बस्स.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. काहींना हलणाऱ्या पानानं गरगरतं, ते फोनमध्ये ॲनिमेशन बंद करून ठेवतात. ही निवड पानाला 'प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन' मधून कळते; ती तपासून अशांना थेट शेवटची स्थिती दाखवायची. ते घातलं आणि पान पुन्हा मावशीला पाठवलं, या वेळी वर ठळक 'सरावासाठी' लिहून. तिच्या फोनवर ॲनिमेशन बंदच आहे आता, मीच करून दिलंय. पाणी चढताना तिला दिसत नाही. पान उघडलं की ४३, तिथल्या तिथं.