एक-दोन फ्लॅट भाड्याने देताना: करार, विमा आणि कर

महाराष्ट्रात घर भाड्याने देणाऱ्या छोट्या मालकांचा एक समज फार पक्का आहे: 11 महिन्यांचा करार केला की रजिस्ट्रेशन लागत नाही, 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी पुरते. हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्स करार (ठराविक मुदतीसाठी जागा फक्त वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो 11 महिन्यांचा असो की 36. नोंदणीची जबाबदारीही मालकाचीच. ती न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. उद्या वाद झाला आणि करार नोंदणीकृत नसेल, तर कुठल्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम मालकाच्या गळ्यात पडतं.

नोंदणीकृत करार हातात असला की कलम 24 चा आधार मिळतो. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं न फिरता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशाच प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा रस्ता मुदत संपल्यावरचा आहे, हे लक्षात ठेवा. मधल्या काळातल्या थकबाकीसाठी खरा आधार डिपॉझिटचाच. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम घ्या, आणि तीही बँकेतूनच.

खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळण्यात काही अर्थ नाही. हिशोब करून बघा. भाडं 18,000, डिपॉझिट 60,000, मुदत 24 महिने, आणि दोन्ही वर्षं भाडं तेच. एकूण भाडं 4,32,000. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरतात, म्हणजे दोन वर्षांचे 12,000. बेरीज 4,44,000, त्याच्या 0.25 टक्के म्हणजे 1,110 रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी शहरी भागात 1,000, ग्रामीण भागात 500. वर हाताळणी शुल्क आणि एजंटाकडून केलं तर त्याचे पैसे. हे काम ऑनलाइन होतं. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधारवर थंब लागतात. काम अडतं ते बहुतेक इथेच: कुणाचा अंगठा जुळत नाही, कुणाचं आधारवरचं नाव पॅनशी जुळत नाही. सामान येण्याच्या आदल्या दिवशी थंब ठेवू नका, आठवडाभर आधी उरकून घ्या. चावी त्यानंतरच.

करारात हे स्पष्ट लिहा: भाडं किती तारखेपर्यंत, दुसऱ्या वर्षी वाढ किती, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) किती, नोटीस किती दिवसांची, मेंटेनन्स कोण भरणार, रंगकामाचे किती कापणार. "रंगकाम परस्पर संमतीने" असं लिहिलं की शेवटी भांडण ठरलेलं, आकडाच लिहा.

सोबत पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्ज भरून त्याची पोच ठेवा आणि सोसायटीला करार व पोच देऊन कळवा. सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, लावेल. राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या (सुरक्षा, सफाई अशा सामाईक सेवांच्या खर्चाच्या) 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, आणि हे 10 टक्के पूर्ण मेंटेनन्स बिलावर नसतात. बिल 3,500 चं असेल आणि त्यात सेवाशुल्क 1,800, तर 180 रुपये. जास्त लावले असतील तर लेखी हरकत घ्या.

चावी द्यायच्या दिवशी अर्धा तास काढा आणि भाडेकरूला बरोबर घेऊन घर फिरा. वीज मीटरचा फोटो असा घ्या की मीटर नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसेल. गिझर चालू करून बघा, सिंकखालचा नळ पूर्ण सोडून पाइपला हात लावा, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा तळ बघा. ओल आधीची की नंतरची, हा वाद सगळ्यात जास्त तिथेच होतो. पंखे, ट्यूब, चाव्या मोजून यादी करा आणि दोघांनी सही करा. वीजबिल तुमच्याच नावावर राहतं, म्हणून थकलेलं बिलही तुमच्याच कनेक्शनवर चढतं; दर महिन्याला स्वतः ऑनलाइन बघा. मात्र भाडं थकलं म्हणून वीज किंवा पाणी तोडू नका. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि तुमची बरोबर बाजू त्याने कमकुवत होते.

विम्याकडे बहुतेक मालक पाहतच नाहीत. एप्रिल 2021 पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी मिळते. आग, भूकंप, पूर, वादळ, दंगल यांचं नुकसान त्यात येतं, आणि घर राहण्यालायक न राहिल्यास बुडालेलं भाडंही. विमा रक्कम ठरवताना बाजारभाव धरू नका, कारण जमिनीची किंमत विम्यात येत नाही. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर: 650 चौरस फूट, दर 2,500 धरला तर 16,25,000. प्रस्तावात घर भाड्याने दिलंय हे स्वच्छ लिहा, आणि घर महिन्याहून जास्त रिकामं राहणार असेल तर कंपनीला कळवून काय अट आहे ते विचारा. हळूहळू झिरपणारी ओल, झीज, भाडेकरूच्या हयगयीने तुटलेलं फर्निचर यात येत नाही. भाडेकरूचं सामानही येत नाही. त्यांना वेगळा विमा घ्यायला सांगा.

आता कर. भाडं 'घरापासूनचं उत्पन्न' या सदरात जातं. वर्षाचं भाडं 2,16,000, तुम्ही स्वतः त्याच वर्षात भरलेला मिळकतकर 9,000. उरले 2,07,000. त्यावर सरसकट 30 टक्के वजावट म्हणजे 62,100. उरले 1,44,900. गृहकर्जाचं व्याज 1,10,000 असेल तर करपात्र उत्पन्न 34,900. दुरुस्ती, ब्रोकरेज, विम्याचा हप्ता वेगळा वजा होत नाही. ते सगळं त्या 30 टक्क्यांत आलं. तरीही बिलं जोडून वजावट मागणारे दरवर्षी असतात.

व्याज जास्त असून तोटा आला तर जुन्या करप्रणालीत 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो आणि उरलेला 8 वर्षं पुढे नेता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही, पुढेही जात नाही. कर्ज चालू असताना प्रणाली निवडण्याआधी दोन्ही हिशोब मांडाच. घर जोडनावावर असेल तर उत्पन्न हिश्श्याप्रमाणे वाटलं जातं. पण पत्नीने पैसे घातले नसतील तर नुसतं नाव लावून तिच्या खात्यात भाडं घेतल्याने तुमचा कर कमी होत नाही.

महिन्याचं भाडं 50,000 च्या वर गेलं की व्यक्ती भाडेकरूने 2 टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो. मालक परदेशात राहत असेल तर ही मर्यादा नाही: पहिल्या रुपयापासून साधारण 31.2 टक्के कापले जातात. दुबईत किंवा अमेरिकेत राहून पुण्याचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी हे भाडेकरूला करारापूर्वीच सांगावं, नाहीतर वसुलीची नोटीस त्या बिचाऱ्याच्या दारात येते.

पुणे महापालिकेच्या हद्दीत आणखी एक गोष्ट आहे. मालक स्वतः राहत असल्यास मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती जाते. भाडं ठरवतानाच हा फरक धरा.

मुदत संपायच्या दोन महिने आधी मोबाइलवर आठवण लावा. भाडेकरू राहणार असेल तर जुना करार संपण्याआधी नव्याची नोंदणी करा. जाणार असेल तर पहिल्या दिवसाची यादी घेऊन पुन्हा घर फिरा, मीटरचा फोटो घ्या, शेवटचं वीजबिल आणि कापलेल्या रकमेचा हिशोब लेखी द्या, आणि उरलेलं डिपॉझिट चाव्या मिळतील त्याच दिवशी बँकेतून परत करा.